पट्ट्यांची सावली

चंद्रपूर जिल्ह्यातल्या कोरपन्यात मे महिन्यात पारा पंचेचाळिशी सहज ओलांडतो. अशा गावी अंगणावर ऑनिंग लावावं की पर्गोला, असं कुणी विचारलंच तर आधी त्याला ताक द्यावं.

पर्गोला म्हणजे चार खांब, वर अंतराअंतरावर पट्ट्या आणि त्यांच्यामधून सरळ डोक्यावर येणारं ऊन. वेल चढली की सावली होईल म्हणतात. पण वेलीला पाणी घालायचं उन्हाळ्यातच! आमच्या मांडवावर जांभळाच्या फांद्या टाकतात. त्या टाकायच्या राहिल्या की पर्गोला होतो आणि बिल चौरस फुटावर येतं.

ऑनिंग, म्हणजे मिटणारं कापडी छत, तसं शहाणं. हवं तेव्हा उघडा, नको तेव्हा मिटा. फक्त वादळाने आधी कळवून यावं. शिवाय आवारपूर, गडचांदूर, उपरवाही अशा सिमेंटच्या गावांच्या तालुक्यात पांढरं कापड निवडणाऱ्याचं धैर्य मोठं.

राहिला मांडवाचा बांबू. १९२७च्या वन कायद्याने या गवताला झाड ठरवलं होतं. जंगलातला बांबू विकायचा वाहतूक परवाना गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाच्या ग्रामसभेला मिळाला २०११ साली. जंगलाबाहेरचा बांबू झाडपणातून सुटला तो २०१७मध्ये. नव्वद वर्षं सरकारदरबारी झाड असूनही त्याची सावली कुणाच्या अंगावर पडली नाही, ती मांडवात बांधल्यावरच पडली.

माझा कौल मांडवालाच. फांद्या वाळल्या की चुलीत घालता येतात; पर्गोल्याचे हप्तेच भरावे लागतात.