निबंध न वाचता प्राध्यापक कसा ओळखावा

छाननी समितीवर प्रथमच वर्णी लागली, अभिनंदन! बढतीसाठी आलेल्या प्राध्यापकांचं संशोधन तपासायचं आहे. घाबरू नका, वाचायचं नाहीये. मोजायचंय.

आधी फाईल उचलून पाहा. दोन्ही हात लावावे लागले, तर माणूस अभ्यासू. मग प्रत्येक निबंधावर आयएसएसएन शोधा. तो नियतकालिकाचा आठ अंकी ओळख क्रमांक, दर्जाशी त्याचा काडीचा संबंध नाही. पण सापडला की बरोबरची खूण करा. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, 2018 मध्ये आपल्याच मान्य यादीतून 4,305 नियतकालिकं वगळली. यादीत घेताना ती कुणी उघडून पाहिली होती का, असल्या चौकशा समितीत करू नयेत.

आता गुण. यूजीसीच्या 2018 च्या नियमावलीत भाषा आणि सामाजिक शास्त्रांतल्या निबंधाला 10 गुण. एकट्यानं लिहिला तर 10च. दोघांनी लिहिला तर प्रत्येकी 70 टक्के, म्हणजे सात नि सात चौदा. पाच जण असतील तर मुख्य लेखकाला 7, बाकी चौघांना 3-3, एकूण 19. दहा भाकऱ्या वाटून खाल्ल्या की एकोणीस होतात. आमच्या आजीला हे ठाऊक असतं तर सुगीत एवढी धावपळ झाली नसती. तीन वर्षं मोडी कागद चाळून कुणी एकट्यानंच निबंध लिहिला असेल, तर त्याला बाजूला घेऊन समजवा: अहो, विभागात माणसं नव्हती का? अख्ख्या पुस्तकाचा अनुवाद केला असेल तर 8 गुण. हे सांगताना त्याच्या डोळ्यांत पाहू नये.

सहलेखक मिळत नाही ही सबब ऐकू नका. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ जॅक हेदरिंग्टन यांनी एकट्यानं लिहिलेल्या निबंधात सगळीकडे 'आम्ही' टाइप केलं होतं. पुन्हा टाइप कोण करणार? त्यांनी आपल्या सयामी मांजराला सहलेखक केलं, आणि 1975 मध्ये 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स'नं तो छापला. आपल्या हिशेबानं मांजराला 70 टक्के.

उलट ते भौतिकशास्त्रज्ञ पीटर हिग्ज. 1964 च्या गाजलेल्या कामानंतर दहासुद्धा निबंध नाहीत. 2013 मध्ये नोबेल मिळालं म्हणा, पण ते आपल्या तक्त्यात कुठल्या रकान्यात टाकणार? असा उमेदवार आलाच, तर 'पुढच्या खेपेला बघू' म्हणावं.

क्वचित एखादा विचारतो, "सर, माझा निबंध कसा वाटला?" गडबडून जाऊ नका. झेरॉक्सवर सही राहिली आहे, ती दाखवा. तोवर पोहे येतात.