प्रमाण शेड

मोजमापाबाबत ब्रिटिशांचा काटेकोरपणा वाखाणण्यासारखा आहे. 2001 साली संडरलंडमधल्या एका भाजीवाल्याला न्यायालयाने दोषी ठरवले. केळी किलोऐवजी पौंडाच्या काट्यावर तोलली, हा गुन्हा. कायदा म्हणजे कायदा.

असा तोळामाशाचा हिशेब ठेवणारा देश कामाचा डोंगर सांगताना ‘शेडलोड’ म्हणतो: परसातल्या लाकडी शेडमध्ये मावेल तेवढे. (सभ्य माणसांसमोर शेडच म्हणतात.) जरा कमी असेल तर ‘बकेटलोड’. कितव्यांदा बजावतोय हे आईलाच आठवेनासे झाले, की ‘अम्पटीन’. शिवाय 500 पौंडांना ‘मंकी’ आणि 25 पौंडांना ‘पोनी’. म्हणजे एका माकडात 20 तट्टे बसतात. गणित चोख आहे, कोणीही पडताळून पाहावे.

उणीव एकच, प्रमाणीकरणाची. पॅरिसजवळच्या तिजोरीत किलोग्रॅमचा प्लॅटिनम-मिश्रधातूचा ठोकळा जपून ठेवलाय, तशी लंडनला एक प्रमाण शेड उभारावी, काचेच्या घुमटाखाली. गवत कापायचे यंत्र आत धरायचे की बाहेर, यावर समिती नेमावी. बैठका अम्पटीन होतील, पण भत्ता मात्र पौंडातच.

सरकारही मागे नाही. जुनी मापे परत आणावीत का, असे त्याने 2022 मध्ये जनतेला विचारले. लाखावर उत्तरे आली, त्यांतल्या 98.7 टक्के लोकांनी मेट्रिकलाच कौल दिला. लोकमताचा असा सखोल अभ्यास करून डिसेंबर 2023 मध्ये सरकारने 568 मिलिलिटरच्या, म्हणजे बरोब्बर एक पाइंटच्या, वाइनच्या बाटलीला मंजुरी जाहीर केली.