सांगायला लागली का?

"सर, बेबी सांगते का?"

मी टूरवाल्याला तीन प्रश्न विचारले होते. खोलीला खिडकी आहे का, बोट लागली तर डॉक्टर आहे का आणि संकष्टीला साबुदाण्याची खिचडी मिळेल का. तिन्ही बाजूला ठेवून त्याने हा चौथा मलाच विचारला. मला वाटलं, नाव-गाव सांगते का असं काही असेल. आमची छकुली सव्वादोन वर्षांची आहे. नाव सांगते, गाव सांगते, डॉक्टरांनी बंद केलेलं फरसाण आजोबा कुठल्या डब्यात लपवतात तेही सांगते. "तसं नाही सर," तो आवाज खाली आणून म्हणाला, "शी-शू सांगते का?"

बेत साधा होता. मुंबईहून जहाजाने निघायचं, गोवा बघायचं, तीन दिवसांत परत. रस्त्याने जायला मुंबई-गोवा महामार्ग आहे, पण तो नेमका कुठे आहे हे ज्याचं त्याने शोधायचं असतं. म्हणून जहाज. चिरंजीवांनी माहितीपत्रकं जमवली, सूनबाईंनी तक्ता केला. बाल्कनीची खोली घ्यावी तर पोर कठड्यावर चढेल, बिनखिडकीची घ्यावी तर समुद्रावर जाऊन माळ्यावर झोपल्यासारखं. सहा महिन्यांखालचं बाळ बहुतेक जहाजं घेतच नाहीत, त्यातून आम्ही केव्हाच पार झालो होतो. आठवडाभर चर्चा झाली आणि या चौथ्या प्रश्नानंतर तक्त्यातले सगळे रकाने पुसून एकच उरला. डायपर.

नियम असा. डायपर लावणाऱ्या मुलाला जहाजाच्या तलावात उतरता येत नाही. पाण्यात घालायचा खास डायपर मिळतो, तो घातला तरी नाही. मुलांचा जो क्लब असतो, जिथे पोर सोडून आईबापांनी दोन तास मोकळं व्हायचं, तो बहुतेक ठिकाणी तीन वर्षांपासून पुढे, आणि तिथेही अट तीच. सांगता आलं पाहिजे. म्हणजे चहूकडे अरबी समुद्र, मधोमध जहाज, जहाजावर तलाव, आणि तलावाच्या काठाला छकुलीला मांडीवर घट्ट धरून बसलेला मी. माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर मात्र खदाखदा हसत पाणी उडवणारं जेमतेम दीड वर्षाचं बाळ आहे. ते सांगत असणार.

"सांगते की," मी टूरवाल्याला म्हणालो. खोटं नव्हतं. मग सूनबाईंनी बघितलं म्हणून पुस्ती जोडली, "झाल्यावर सांगते."

पलीकडे बराच वेळ शांतता. मग तो म्हणाला, "आधी सांगायला लागतं सर." मला हे काही पटलेलं नाही. छकुली झाल्यावर का होईना, स्वतःच्या पायांनी येते, मान वर करून "मी केली" म्हणते आणि पुढच्या कार्यवाहीसाठी हजर राहते. या राज्यात झाल्यावर येऊन "मी केली" म्हणणारा दुसरा कोणी दाखवा. इथे पूल पडतो, पेपर फुटतो, नवा रस्ता पहिल्या पावसात वाहून जातो, आणि कोणी केली हे शोधायला समिती नेमावी लागते. समितीही सांगत नाही. पण तलावात उतरायला बंदी कोणाला, तर छकुलीला.

असो. दिवाळीच्या आत घर हागणदारीमुक्त करायचं, असा ठराव झाला. पूर्वी गावोगावी पहाटे गुड मॉर्निंग पथकं फिरायची आणि टमरेल घेऊन निघालेल्याला बांधावर गाठायची. आमच्याकडे पथकात चार माणसं आणि टमरेलवाली एक. तिच्यासाठी बदकाच्या आकाराचं पिवळं भांडं आलं. बदकावर बसलं की गाणं वाजतं. दर वीस मिनिटांनी तिला बदकावर बसवायचं, पथकाने समोर उकिडवं बसून टाळ्या वाजवायच्या. छकुली बदकावर बसून गाणं पूर्ण ऐकते, उठते, पडद्यामागे जाते आणि मग येऊन सांगते. सौभाग्यवतींनी जुना उपाय काढला, कानाशी तोंड नेऊन "श्श्शूऽऽ" करायचं. त्याचा छकुलीवर परिणाम शून्य. माझ्यावर दर वेळी.

लहानपणी मी कोकणबोटीने गावी जायचो. भाऊच्या धक्क्यावर चढायचं, डेकवर सतरंजी पसरायची, ट्रंका उशाला. हर्णैला बोट लांब पाण्यात उभी राहायची. पडाव यायचा, आई आधी उतरायची आणि वरून कोणी तरी पोर तिच्या हातात द्यायचं. कठड्याला लंगोट वाळत घातलेले असायचे. लांबून बघणाऱ्याला वाटावं, बोटीवर सव्वीस राष्ट्रांचे झेंडे लावलेत. कोणी आईला विचारलं नाही, सांगतो का म्हणून. विचारलं असतं तर पुढचं सगळं आईनेच सांगितलं असतं.

बरं, तलावात ती नकोशी. पण बिलात? तिथे मात्र ती सांगते की नाही याच्याशी कोणालाही कर्तव्य नाही. "लहान मूल मोफत" असं ठळक अक्षरांत, आणि खाली मुंगीच्या अक्षरांत बंदर शुल्क माणशी, सेवा शुल्क माणशी, कर माणशी. सेवा शुल्क म्हणजे जहाजावरच्या सेवकांची बक्षिशी. छकुली घरून नेलेल्या डब्यातला दोन घास वरणभात खाणार, त्यातला एक थुंकणार. पण बिलापुरती ती अख्खा माणूस. आमच्या एसटीत पाच वर्षांखाली फुकट आणि पाच ते बाराला अर्धं तिकीट, हिशेब सरळ. माझं वय तर एसटीत सलग तीन वर्षं "आता बारावं लागेल" असंच होतं. कंडक्टर माझ्या ओठांवर फुटलेल्या लवेकडे बघायचा आणि पुढे जायचा. माणुसकी होती.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. तलावाच्या काठाला बार असतो.

लोणावळ्याच्या एका रिसॉर्टवर मी एका गृहस्थांवर घड्याळ लावून नजर ठेवली आहे. मला दुसरं काम नव्हतं, मी छकुलीला मांडीवर धरून बसलो होतो. गृहस्थ सकाळी अकराला पाण्यात उतरले. गळ्यात सोन्याची साखळी, डोळ्यांवर काळा चष्मा. पहिली बीअर सव्वाअकराला. दुसरी बाराच्या आत. तिसरीबरोबर मसाला शेंगदाणे. चौथीला मित्र आले, त्यांनाही हाक मारून पाण्यातच बोलावलं. पाचवी झाली तेव्हा पावणेदोन वाजले होते. दोनला जेवणाची घंटा झाली म्हणून गृहस्थ बाहेर आले आणि थेट बिर्याणीच्या रांगेत उभे राहिले. तीन तास. पाच बाटल्या. मूत्रपिंडाचं काम आपल्याला शाळेतच शिकवतात, आकृतीला नावंही द्यायला लावतात. आत गेलेलं कुठे तरी जातं. मधूनमधून ते बोलता बोलता थांबायचे, क्षितिजाकडे बघायचे आणि चेहऱ्यावर अशी काही शांतता यायची की मला आधी वाटलं, माणूस आध्यात्मिक आहे. त्यांना कोणी विचारलं? शिट्टी गळ्यात घालून उभ्या असलेल्या त्या पोराने, जो छकुलीच्या पायाचा अंगठा पाण्याला लागला तरी धावत यायचा, त्याने एकदा तरी काठावर वाकून, आवाज खाली आणून विचारलं, "सर, तुम्ही सांगता का?"

आणि विचारायला नको? या देशात जिन्याच्या कोपऱ्याकोपऱ्यात देवांच्या टाइल्स बसवाव्या लागल्या त्या काय दोन वर्षांच्या पोरांमुळे? "येथे लघुशंका करू नये" ही पाटी कोणासाठी रंगवतात, आणि तिच्या बरोबर खाली तो ओला नकाशा कोण काढतो? महामार्गावर गाडी बाजूला घेऊन, दार उघडं टाकून, पाठ आमच्याकडे आणि तोंड सह्याद्रीकडे करून उभे असतात ते सगळे तीन वर्षांच्या पुढचे आहेत. क्लबात प्रवेश मिळेल त्यांना. माझी बायको पनवेल सोडलं की पाण्याचा घोट घेत नाही. चाळीस वर्षं नाही. कारण पुढे जे आहे त्याला स्वच्छतागृह म्हणतात, पण त्याला एक तर कुलूप असतं, नाही तर कडी नसते. तिने चाळीस वर्षं धरून ठेवायचं आणि यांनी कुठेही सोडायचं, आणि प्रशिक्षण कोणाला द्यायचं, तर छकुलीला! बदकावर बसवायचंच असेल तर आधी यांना बसवा. मी टाळ्या वाजवायला येतो.

सूनबाई जीवशास्त्राच्या आहेत. त्या म्हणतात, नियम बरोबर आहे. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा जंतू असतो, तो क्लोरीनला दाद देत नाही, तलावात दिवसेंदिवस तग धरतो, आणि एका मुलाची पातळ शी झाली तर पाणी गिळणारे सगळे आजारी पडू शकतात. खास डायपरही ते अडवत नाही. मान्य. दोन्ही हात जोडून मान्य. मी फक्त एवढंच विचारलं की मग जहाजावरच्या हजारो माणसांचं जातं कुठे?

हे विचारायला नको होतं. चिरंजीव जहाजांच्या नियमांमध्ये शिरले आणि रात्री साडेअकराला पथकाची तातडीची बैठक झाली. तर आंतरराष्ट्रीय करार असा आहे की, किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या, म्हणजे साधारण २२ किलोमीटरच्या, पलीकडे गेलेल्या जहाजाला टाकीत साठवलेला मैला प्रक्रिया न करताही समुद्रात सोडायची मुभा आहे. अटी दोनच. हळूहळू सोडायचा आणि सोडताना जहाज चालतं हवं, वेग चार नॉटपेक्षा कमी नको. चार नॉट म्हणजे ताशी सुमारे साडेसात किलोमीटर. आमच्या जहाजावर शुद्धीकरणाचं यंत्र आहे, असं टूरवाला शपथेवर सांगतो. असेल. नव्या जहाजांवर असतं. पण नियम वाचल्यापासून मला राहवत नाही. अख्ख्या गावाएवढ्या वस्तीला जी सवलत, ती एका मुलीला का नाही? छकुली केल्यावर पळते, पडद्यापासून स्वयंपाकघरापर्यंत, आणि मी मोबाइल हातात घेऊन वेळ मोजली आहे: चार नॉटच्या खाली ती कधीच नसते. हळूहळू सोडते. राहता राहिला किनारा. तेवढं अंतर जहाज आपोआप गाठेल. मी टूरवाल्याला हे सगळं लेखी कळवलं. त्याचं उत्तर आलं नाही, पण ग्रुपवर त्याने मला "सीनियर सिटिझन, स्पेशल अटेन्शन" या यादीत घातलंय.

तर बुकिंग झालं आहे. खिडकीची खोली, संकष्टीला खिचडी, डिसेंबरचा दुसरा आठवडा. छकुली अजूनही झाल्यावरच सांगते. तलावाच्या काठाची खुर्ची माझी, हे घरात सर्वानुमते ठरलं. त्यासाठी वाचकांना एक विनंती आहे. सहा बाय सहा इंची देवांच्या टाइल्स, सर्व धर्मांच्या, पाण्यात न सुटणाऱ्या, कोणाकडे उरलेल्या असतील तर कळवा. बाराएक लागतील. तलावाला पाण्याखालून, बारच्या बाजूने लावायच्या आहेत. खर्च मी देईन.