गावरान, पण वातानुकूलित

आमच्या पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. सगळीकडे एकाच दिवशी यंत्रं बंद राहू नयेत, विजेचा भार वाटला जावा म्हणून कधीकाळी ही सोय झाली. सोय करणाऱ्यांनी गुरुवार हा दत्ताचा वार आहे, याची चौकशी केलेली दिसत नाही. परिणाम असा, की ज्या दिवशी मित्र मोकळे असतात त्या दिवशी मटण बंद, आणि ज्या दिवशी मटण चालतं त्या दिवशी एक जण फर्स्ट शिफ्टला, एक सेकंडला आणि एक नाइट करून पालथा पडलेला. सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, शनिवार मारुतीचा. आळंदी शेजारी असल्याने एकादशी आमच्याकडे विसरायची सोय नाही. श्रावण धरून चालू नये. या सगळ्यातून वाचलेला एखादा बुधवार सापडला आणि त्या दिवशी कोणाच्या घरी सुतक, सोयर किंवा ऑडिट नसलं, तर आम्ही बाहेर जेवायला जातो.

आम्ही म्हणजे कोण, हेही सांगायला हवं. क्वालिटी, परचेस, मलेशिया, अप्पा आणि मी. मी स्टोअरला आहे. आलेल्या-गेलेल्या मालाची नोंद ठेवणं हेच माझं काम, त्यामुळे पुढचं सगळं तक्रार म्हणून न घेता नोंद म्हणून घ्यावं. मलेशियाचं पाळण्यातलं नाव वेगळं आहे, पण तो शाह आलमला मोटारीचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत काही वर्षं काढून आला आणि तेव्हापासून त्याचं खरं नाव त्याच्या आईखेरीज कोणी वापरत नाही. अप्पा नात्याने माझे चुलते, वयाने थोडे पुढे. ते माळकरी आहेत. तरीही प्रत्येक मटणाच्या बेताला ते येतात. "तुम्ही खा बिनधास्त, मला वासाची काही अडचण नाही," म्हणतात आणि खुर्ची दीड हात मागे घेतात. ती वेटरच्या पायात येते.

कुठे जायचं, हा पहिला वाद. मोशीत इंद्रायणी ओलांडली की चिंबळी फाटा, कुरुळी, आळंदी फाटा करत चाकणपर्यंत नाशिक हायवेच्या दोन्ही अंगांना पाट्याच पाट्या आहेत आणि प्रत्येक पाटीवर 'चुलीवरचं' लिहिलेलं आहे. चुलीवरचं मटण समजू शकतो. चुलीवरची मिसळ, चुलीवरचा चहा इथपर्यंत मी सोसलं. आता चुलीवरचा पिझ्झाही आला. ज्या गावात बायकांनी धुराने डोळे चोळत चूल सोडली आणि गॅसची टाकी आल्यावर तिला हळदीकुंकू वाहिलं, त्या गावात नवरे आता धुराचे वेगळे पैसे मोजतात.

परचेस कुठल्याही हॉटेलात पाय ठेवण्याआधी तीन ठिकाणचे दर मागवतो. थाळीत भाकरी अनलिमिटेड आहे का, रस्सा अनलिमिटेड आहे का, अळणी किती वेळा मिळतं, सुक्क्यात पीस किती. या वेळी त्याने तिन्ही दरपत्रकं नाकारली, कारण त्याच्या मुलीने त्याला फाइन डाइनिंगची जागा दाखवली होती. तिथे म्हणे आपलंच जेवण मिळतं, पण नीट मिळतं.

आधी टेबल राखून ठेवावं लागतं. आम्ही आठचं राखलं. पंधरा मिनिटं उशीर झाला तर टेबल दुसऱ्याला, हा नियम. घरापासून तिथवर अंतर जेमतेम सहा किलोमीटर. पण हायवेवर शिफ्ट सुटायची वेळ, कंपन्यांच्या बसगाड्या आणि त्यांच्या मधोमध एक कंटेनर, जो वळायचं ठरवून मग विचारात पडला होता. नाशिक फाटा ते खेड हा तीस किलोमीटरचा आठपदरी उन्नत मार्ग केंद्रीय मंत्रिमंडळाने २ ऑगस्ट २०२४ ला मंजूर केला. ७,८२७ कोटींचं काम आहे. ते झालं की आम्ही हॉटेलवरून जाऊ. हॉटेलात जायला खालचाच रस्ता राहील.

पोचलो तेव्हा दारात बैलगाडी होती. बैल नव्हते, फोटो काढणारे होते. आत लामणदिवे, उंबरठा, शेणाने सारवल्यासारखी दिसणारी सिमेंटची भिंत. वातानुकूलन इतकं चोख, की अप्पांनी उपरणं कानाला गुंडाळलं. आमच्या टेबलाच्या बरोब्बर वर एक पाभर उलटी टांगलेली. तिच्या नळ्यांतून वायर ओवून टोकाला पिवळे बल्ब लावलेले, आणि चाडं मधोमध पालथं. अप्पा बराच वेळ वर बघत राहिले. मग म्हणाले, "ही आपली." चाड्याला एक चीर होती आणि ती पत्र्याची पट्टी ठोकून बुजवलेली होती. ती पट्टी अप्पांनीच ठोकलेली. रान कंपनीत गेल्यावर पाभर गोठ्यात पडून होती. काकूंनी ती भंगारवाल्याला देऊन प्लॅस्टिकचा टब घेतला होता. टबाला नंतर तडा गेला. पाभर ठणठणीत आहे.

कॅप्टन आला. फेटा, तुरा, बाराबंदी. मुलगा ओडिशाचा, बोलायला गोड. "सर, आप पहली बार आए हैं? मैं कॉन्सेप्ट समझाता हूँ." जेवणाला कॉन्सेप्ट असतो हे मला माहीत नव्हतं, पूर्वी भूक असायची. त्याने सांगितलं, की ही या मातीची चव आहे. अप्पांनी पाभरीकडे बोट करून विचारलं, "हे काय आहे?" तो म्हणाला, जुन्या काळचं वाद्य आहे. मलेशियाने मान डोलावली. त्याच्या मते शाह आलमलाही एका हॉटेलात असंच वाद्य होतं.

मग कॅप्टनने तांदळाची ओळख करून दिली. इंद्रायणी, शेकडो वर्षांची परंपरा. हे वाण वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून १९८७ साली आलं. म्हणजे आमच्या टेबलावर बसलेला प्रत्येक माणूस त्या परंपरेहून मोठा होता. भात मात्र चांगला आहे, चिकट आणि वासाचा. त्याला शिवकाळात नेऊन बसवण्याची काही गरज नव्हती.

खरा विषय मासवडीचा. खेड, आंबेगाव, जुन्नर या बाजूला ज्याचं घर आहे त्याला मासवडी कशी करतात हे सांगायला नको, पण कॅप्टनने सांगितलं, म्हणून मीही सांगतो. बेसन मसाल्याच्या पाण्यात घट्ट हटवायचं, इतकं की उलथनं उभं राहावं. ओल्या फडक्यावर ते गरम असतानाच थापायचं. हात पोळतात, त्याला इलाज नाही. वर तीळ, सुकं खोबरं, परतलेला कांदा, लसूण यांचं सारण पसरायचं आणि फडक्यासकट गुंडाळून माशासारखा उभट आकार द्यायचा. गार झाली की वड्या कापायच्या. सोबत पातळ, झणझणीत रस्सा आणि बाजरीची भाकरी. माळकऱ्यांच्या घरी पाहुणा आला की त्याची मटणाची आठवण बुजवण्याचं काम ही वडी पिढ्यान्‌पिढ्या करत आली आहे. घरी ती परातीत येते. रस्सा टोपात असतो, आणि टोप आपल्या हाताच्या अंतरावर असतो. या शेवटच्या गोष्टीला मी फार महत्त्व देतो.

इथे ती काळ्या दगडी पाटीवर आली. वड्या तीन. रस्सा काचेच्या नळीत, रक्त तपासायला नेतात तेवढा. शेजारी तिळाचा फेस. फेस का, असं विचारल्यावर 'टेक्श्चर' असं उत्तर मिळालं. भाकरी रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठी होती, एवढं मान्य करतो. चुरून खावी म्हटलं तर रस्सा ओतायला खळगा नाही; पाटीवर ओतला तर तो सरळ क्वालिटीच्या पॅन्टीवर गेला असता.

क्वालिटी मात्र दुसऱ्याच दुःखात होता. त्याने खिशातून सहा इंची स्टीलची पट्टी काढली आणि तिन्ही वड्या मोजल्या. तिन्ही मिलिमीटरला सारख्या. मेन्यूकार्डावर 'आजीच्या हातची मासवडी' असं छापलेलं. "आजीच्या हातची असती तर एक जाड, एक बारीक आणि एक मोडकी निघाली असती," तो म्हणाला. "ही डायमधली आहे." हा माणूस दिवसभर जाड-बारीक माल रिजेक्ट करून पगार घेतो. आयुष्यात प्रथमच त्याच्यापुढे शंभर टक्के ओके माल आला होता आणि त्याचं तोंड उतरलं होतं.

मलेशियाला एवढंच हवं होतं. तो म्हणाला, शाह आलमला असं नसतं. त्याच्या शाह आलमला काहीच असं नसतं. तिथे केळीच्या पानात नासी लमाक मिळतो: नारळाच्या दुधात पांदानचं पान घालून शिजवलेला भात, वर तिखट सांबाल, तळलेली सुकी मासळी, शेंगदाणे, काकडी, अंडं. मलेशियाच्या न्याहारीच्या संस्कृतीला २०२४ च्या डिसेंबरात युनेस्कोने आपल्या यादीत घेतलं. तेव्हापासून आमच्या फाट्यावर वडापाव खाताना तो गप्प असतो आणि आम्हाला उगाच ओशाळल्यासारखं होतं.

मागे त्याने घरी बोलावून आम्हाला रेंदांग खाऊ घातलं होतं. गवती चहा, गलांगल म्हणून त्याने आणलेलं आल्याचं भावंड, नारळाचं दूध, आणि भाजून वाटलेलं खोबरं. मंद आचेवर चार तास. खोबऱ्याचा वास येताच मी मनाने पंगतीला बसलो होतो, कारण आमच्या काळ्या मटणाचा जीवही भाजक्या खोबऱ्यातच असतो. चव उत्तम. पण रेंदांगची रीतच अशी, की दूध पार आटून तेल सुटेपर्यंत ते परतायचं. क्वालिटीने पातेलं तिरकं करून पाहिलं आणि विचारलं, "रस्सा कुठाय?" मलेशियाने समजावलं. परचेसने समजून घेतलं, उठला, आणि फाट्यावरच्या धाब्यावरून पिशवीभर रस्सा पार्सल आणून रेंदांगवर ओतला. त्या घरात पुढचे काही आठवडे आमच्याशी थोडं तुटक बोललं जात होतं.

मलेशियाची बाजू अगदीच लंगडी नाही. २०१८ साली ब्रिटनच्या 'मास्टरशेफ' कार्यक्रमात मलेशियात जन्मलेल्या एका स्पर्धक बाईंनी नासी लमाकबरोबर कोंबडीचं रेंदांग केलं. परीक्षक म्हणाला, कातडी कुरकुरीत नाही. बाई स्पर्धेबाहेर गेल्या. मलेशियात निवडणूक तोंडावर आली होती. पंतप्रधान नजीब रझाक आणि त्यांना पाडायला निघालेले महाथीर एकमेकांचं तोंड पाहत नव्हते. पण रेंदांग कुरकुरीत नसतं, यावर दोघांचं एकमत झालं. इंडोनेशियाचे लोकही त्यात उतरले, एरवी रेंदांग मुळात कोणाचं यावरून शेजाऱ्यांशी वाद घालणारे. मला या देशांचा हेवा वाटतो. उद्या कोणी मासवडीला फेस आणला म्हणून खेडच्या तहसील कचेरीवर साधा मोर्चासुद्धा निघणार नाही. उलट 'नवीन काहीतरी' म्हणून आम्हीच टेबल राखून ठेवू.

मलेशियाची दुसरी गोष्ट मात्र मला आवडते, आणि ती त्याने सांगायला लागावी याचा रागही येतो. तिथल्या मलय खेड्यात लग्नकार्य असलं की शेजारीपाजारी आदल्या दिवसापासून जमतात, मोठ्या कढया चढतात, कोणी कांदा चिरतो, कोणी नारळ खवतो. रेवांग म्हणतात त्याला. अप्पा म्हणाले, "मग आपल्या जत्रेत काय वेगळं होतं?" वेगळं काही नव्हतं. तीन दगडांवर डेग, ओळखीचा आचारी, पत्रावळी लावणारी पोरं, आणि वाढपी म्हणून गावातला तो एक माणूस, जो 'नको' ऐकत नाही. २००९ साली चाकणला फोक्सवॅगन आली, मर्सिडीज आली. मागोमाग कोरियन आणि जपानी पाट्या लागल्या. आता जत्रेचं जेवण केटरर देतो. बुफे असतो. वाढपी आग्रह करत नाही, कारण त्याला ताटामागे पैसे मिळतात.

बिल आलं. रक्कम सांगत नाही. परचेसच्या घरी हा लेख वाचला जाण्याची शक्यता आहे. त्याने ते दोनदा खालून वर वाचलं, सर्व्हिस चार्जवर बोट ठेवलं आणि सवयीने पंचेचाळीस दिवसांची मुदत मागितली. कॅप्टनने अभिप्रायासाठी टॅब पुढे केला. क्वालिटीने तो घेतला आणि 'सूचना' या रकान्यात लिहिलं: 'आजींचं नाव व शिफ्ट कळवावी.' खुर्ची मागे ओढण्याचं कारण आज मिळालं नसल्याने अप्पा मोकळे होते. त्यांनी मॅनेजरला बोलावून घेतलं आणि पाभरीची किंमत विचारली. मॅनेजर म्हणाला, "अँटिक पीस आहे, विकाऊ नाही. पण तुमच्याकडे असं काही असलं तर आम्ही घेतो."

यानंतर आमचा परचेस जो खुलला, तसा तो मी कधी पाहिला नव्हता. आयुष्यभर भाव पाडणारा माणूस पहिल्यांदा चढवायला बसला. पार्किंगमध्ये उभ्याउभ्या व्यवहार ठरला: अप्पांच्या घरचं जातं, कुळव आणि विहिरीचा रहाट. क्वालिटीने मालाचा फोटो पाठवायचं कबूल केलं. पावती मी फाडणार आहे.

काकूंनी जातं द्यायला साफ नकार दिला. भावकीत लग्न निघालं की हळद दळायला त्याच्याकडेच सगळे येतात. कुळवावरून अजून बोलणी चालू आहेत. रहाटाला मात्र घरातून कोणाचाच विरोध नाही. विहीर कंपनीच्या कंपाउंडात गेली आहे.