परसातली भट्टी

वहिनी, सांगते, पण माझं नाव पुढे येऊ देऊ नका. ओढ्याला नवं पाणी आलं आणि चढणीच्या माशांची हाकाटी झाली, की आपल्या जुन्नर-आंबेगावात भल्याभल्या घरांच्या परसातून वेगळाच धूर निघतो. चहाचं आधण ठेवा म्हटलं की ज्यांची कंबर धरते, तेच गृहस्थ चुलीपुढे उकिडवे बसून पातेल्यात काहीतरी हलवत असतात. कालवण? छे हो, शिसं! ट्रॅक्टरची मेलेली बॅटरी फोडून काढलेलं, नाहीतर टायरवाल्याकडून मागून आणलेली चाकाची जुनी वजनं. ती वितळवायची, ओतायची आणि पागाच्या, म्हणजे फेकायच्या जाळ्याच्या, घेराला लावायला मणी करायचे. का, तर जाळं झपकन तळाला बसावं.

शेजारीण कुंपणावरून बघते, तर फळीवर करडे गोळे मांडलेले. झालं! दिवेलागणीपर्यंत आळीभर बातमी : अमका बिबट्यासाठी बंदुकीच्या गोळ्या पाडतोय. ऊस आणि त्यातला बिबट्या दाराशी आलेल्या मुलखात असलं लगेच पटतं. बिबट्याची भीती खरी आहे, तिला मी हसणार नाही. पण गोळ्यांची गोष्ट खरी असती ना, तर त्या गृहस्थांचं काही खरं नव्हतं. तिकडे अमेरिकेत चाकाच्या याच वजनांपासून लोक हौसेने काडतुसाच्या गोळ्या ओततात. आपल्याकडे मात्र 1959 च्या शस्त्र कायद्यात दारूगोळ्याचे सुटे भागही दारूगोळाच धरलेत. विनापरवाना केले तर किमान 7 वर्षं आत. माणिकडोहच्या निवारा केंद्रातला बिबट्या तरी सुखी म्हणायचा, त्याला डबा वेळेवर मिळतो.

आणि हे शिशाचं खूळ आजचं आहे होय? सातवाहनांनी शिशाची नाणी पाडली, तीही ढिगाने. पहिल्या शतकातल्या ग्रीक खलाशाने भडोचला उतरणाऱ्या मालाची यादी केली, तिच्यात तांबं, कथील आणि शिसं आहे. रोमचा प्लिनी तर लिहून गेला की भारताकडे शिसं नाही, रत्नं-मोती देऊन घेतात. म्हणजे मोती देऊन शिसं घेणारे पूर्वीही होतेच! नाणेघाटातल्या दगडी रांजणात जकात पडायची म्हणतात. त्यात शिशाचं नाणं पडलं तर खणखणलं नसेल, नुसतं थड् वाजलं असेल.

पण मला खरा धक्का बसला तो पातेल्याचा. शिसं वितळायला जेमतेम 327 अंश पुरतात, म्हणून तर घरच्या चुलीवर हा पराक्रम जमतो. पुढे काय? तेच पातेलं राखेने घासून आंघोळीच्या पाण्याला! काही धीट घरांत डाळीलासुद्धा, म्हणे. बॅटरीतलं आम्ल अंगणात सांडतं, तिच्यातल्या शिशाच्या पत्र्यांची भुकटी ओट्यावर बसते आणि रांगतं पोर तोच हात तोंडात घालतं. शिशाने मुलांच्या मेंदूला इजा होते, आणि जागतिक आरोग्य संघटना म्हणते की रक्तातलं शिसं कितीही कमी असलं तरी निर्धोक नाही. शिवाय दिवस पावसाळ्याचे. पागोळीचा एक थेंब त्या रसात पडला, की पाण्याची वाफ होऊन तापलं शिसं थेट तोंडावर उडतं. त्यानंतर मासे कोण खाणार?

बरं, अडलंय कुठे? जाळ्याचे तयार मणी दुकानात मिळतात. लोखंडी साखळी लावूनही पाग बुडतो. जुनी बॅटरी दुकानदाराला दिली तर नवीच्या किमतीतून पैसे वजा होतात, आणि 2022 च्या नियमांप्रमाणे जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांची रीतसर विल्हेवाट लावणं ही बनवणाऱ्या कंपन्यांचीच जबाबदारी आहे. पण फुकटच्या शिशाची गोडी ती! दोनशे रुपये वाचवायला घरातलं भांडं बाटवायचं.

तेव्हा वहिनी, आज घरी गेलात की आधी भांड्यांची मांडणी तपासा. ज्यात शिसं वितळलंय ते पातेलं पुन्हा चुलीवर चढवू नका, सरळ भंगारात द्या. आणि नव्याचे पैसे मासे धरणाऱ्याच्याच खिशातून काढा, हं.