आजीला पैशाची सवय लागू नये म्हणून

आईबाप नसलेल्या नातवंडाला सांभाळण्याचे पैसे आजीला द्यावेत का, हा प्रश्नच मुळात आजीचा अपमान करणारा आहे. जुन्नर-आंबेगावातल्या कुठल्याही आजीला विचारून बघा. ती म्हणेल, "माझ्या लेकाचं लेकरू हाय, टाकू कुठं?" झालं, शासनाला एवढंच ऐकायचं असतं. जी बाई हे काम फुकट करणारच आहे, तिच्या हातात पैसे ठेवून तिला बिघडवण्यात काय हशील? तरीही शासनाचं मन मोठं, म्हणून बालसंगोपन योजना आहे.

या योजनेतलं मला सर्वांत भावतं ते तिचं तारतम्य. वर्षानुवर्षं एका मुलामागे महिन्याला 425 रुपये मिळत, म्हणजे दिवसाला चौदा. चौदा रुपयांत पोर लाडावत नाही आणि योजना बंद पडली असंही कोणाला म्हणता येत नाही. पुढे 1,100 झाले आणि 2023 मध्ये 2,250. त्याच वेळी योजनेला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचं नाव दिलं गेलं, म्हणजे रक्कम आणि नाव दोन्ही दुपटीने वाढली. खुद्द सावित्रीबाईंनी यशवंताला पदरात घेतलं तेव्हा गृहचौकशी अहवाल कोणाकडे सादर केला होता, ते माझ्या वाचनात नाही. त्या काळी कारभार जरा ढिसाळच असावा.

आता तसं नाही. मृत्यूचा दाखला, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, शाळेचं बोनाफाईड, रेशनकार्ड, दोघांची आधार कार्डं, पासबुक आणि घरासमोर उभं राहून काढलेला फोटो. या फोटोची मौज पावसाळ्यात आहुप्याकडे जाऊन पाहावी. मागे घर दिसलं पाहिजे, म्हणून झड अडवायला बांधलेला निळा प्लास्टिकचा कागद सोडायचा. फोटो निघाला की पुन्हा बांधायचा. पोराचे केस तेल लावून चापून बसवलेले, आजीचा पदर डोक्यावरून नीट घेतलेला. चेहऱ्याचं मात्र अवघड असतं. आजी हसली तर साहेबाला वाटेल हिला गरज नाही, आणि रडवेली दिसली तर वाटेल हिच्याच्याने पोर सांभाळवत नाही. बहुतेक आज्या डोळे मिटतात आणि प्रश्न निकालात काढतात.

पुढची पायरी अंगठ्याची. जन्मभर भात लावून आणि हिरडा वेचून ज्या बोटांच्या रेषाच उरल्या नाहीत, ती बोटं मशीनवर टेकवली की मशीनच्या लेखी समोर कोणीच नसतं. यात मशीनचा दोष नाही. आजीने तरुणपणी हात जपायला हवे होते.

प्रकरण शेवटी पुण्याला बालकल्याण समितीपुढे जातं आणि तिच्या आदेशाशिवाय पान हलत नाही. जुन्नरहून पुणे नव्वदेक किलोमीटर. इथे एक खातं दुसऱ्या खात्याला कसं पूरक ठरतं पाहा. एसटीत बाईमाणसाला अर्धं तिकीट आणि पंचाहत्तरी ओलांडली की फुकट. तेव्हा अर्ज करण्याचं योग्य वय पंचाहत्तर, हे सुज्ञ आजीने ओळखावं. एका कागदावर 'सखाराम' आणि दुसऱ्यावर 'सकाराम' निघाला, तर फेरी पुन्हा फुकटच आहे.

कागदांत सर्वांत सोपा तो मेलेल्याचा. बाप मेला तर दाखला मिळतो. बाप नारायणगावच्या बाजारात कामाला म्हणून गेला आणि परतलाच नाही, तर 'गेला' असा दाखला कोणी देत नाही. योजनेत टाकून दिलेल्या मुलांनाही जागा आहे, अडचण फक्त सिद्ध करण्याची. जबाबदार बापाने निघताना ग्रामसेवकाकडून तसं लिहून घेऊन जावं.

मरायचं असलं तरी विचार करून मरावं. कोविडने आईबाप दोघेही नेले असतील, तर मुलाच्या नावावर राज्याचे 5 लाख आणि पीएम केअर्समधून 10 लाख. बिबट्याने नेलं, तर वारसांना 25 लाख. क्षयाने किंवा दारूने नेलं, तर महिन्याला 2,250, तेही सवडीने, चार-सहा महिन्यांचे एकदम. भूक सगळ्या पोरांना सारखीच लागते हे खरं. पण भुकेचा दर मरणावरून ठरवला की हिशेब सोपा जातो.

बिबट्याचा विषय निघालाच आहे, तर त्याच्या पोरांचंही बघू. ऊसतोड सुरू झाली की फडात बछडी सापडतात. वनखात्याची आणि माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्राची माणसं धावत येतात, बछडी तपासतात, मायक्रोचिप बसवतात, संध्याकाळी त्याच जागी पेटीत ठेवून कॅमेरे लावतात. रात्री मादी येते आणि तोंडात धरून पोर घेऊन जाते. हे काम ते फार निगुतीने करतात, यात मला तिळमात्र खोट काढायची नाही. खटकतं ते मादीचं वागणं. ना उत्पन्नाचा दाखला, ना बोनाफाईड, आणि रहिवासी पुरावा म्हणून नुसता ऊस. फोटोसुद्धा घरासमोरचा नसतो.

दिल्लीचं मिशन वात्सल्य अशाच मुलासाठी 4,000 रुपये मोजतं. अट इतकीच की खेड्यातल्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 72,000 च्या आत हवं. 73,000 वाला धनिक आपलं आपण बघेल. म्हणजे दिल्लीच्या वहीत पोर चार हजारांचं, मुंबईच्या वहीत सव्वादोन हजारांचं. पोर एकच असल्यामुळे वही एकच निवडावी लागते, आणि कोणती निवडावी हे आजीला सांगणारा माणूस त्या दिवशी नेमका मीटिंगला गेलेला असतो.

अठराव्या वाढदिवशी अनुदान थांबतं, कारण कायद्याने मूल मोठं होतं. बारावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चला असते. ज्याचा जन्म डिसेंबरातला, त्याने शेवटचे दोन-तीन महिने अभ्यासाबरोबर कमावण्याचाही सराव करावा. जन्म एप्रिलातला असेल तर परीक्षा अनुदानात बसते. त्या घरातल्या नियोजनाचं मात्र कौतुक केलं पाहिजे.