सोसायटीतील तंटे: प्रकार, कारणे, उपाय

(एकपात्री विनोदी प्रयोग. रंगमंचावर टेबल, त्यावर उपविधींची पुस्तिका, इतकी कोरी की पाने अजून एकमेकांना चिकटलेली. मागे नोटीस बोर्ड. निवेदकाच्या हातात पट्टी, चेहरा परीक्षेच्या पर्यवेक्षकाचा. प्रयोगभर तो एकदाही हसत नाही.)

सहकारी गृहनिर्माण संस्थेतील तंट्यांचे मुख्य प्रकार पाच: गाडी, पाणी, पैसा, प्राणी आणि सभा. मुंबईत गावदेवीला १९१५ साली सारस्वत मंडळींनी संस्था काढली आणि या परंपरेचा पाया घातला. आज महाराष्ट्रात अशा लाखाहून अधिक संस्था आहेत. त्यांना १९६०चा सहकार कायदा लागू होतो; २०१९मध्ये त्यात त्यांच्यासाठी स्वतंत्र प्रकरण घालावे लागले. (थांबून) इतर सहकारी संस्था दूध गोळा करतात, ऊस गाळतात. येथे तक्रारी गोळा होतात. मूळ कारण असे की येथे प्रत्येक जण मालक असतो, त्यामुळे शिव्या द्यायला घरमालकच उरत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी सेक्रेटरी निवडतात.

(पट्टी बोर्डावर आपटतो.) प्रकार पहिला, गाडी. स्टिल्टखालची जागा सामाईक असून बिल्डरला ती विकता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१०मध्ये दिला. सभासदाच्या मते मात्र एकदा गाडी लावली की जागा वडिलोपार्जित होते. गाडी विकली तरी ताबा सुटत नाही. तेथे मोडका पाळणा आणि गणपतीचे मखर पार्क होते. जागा कमी आणि अर्ज जास्त असतील तर दरवर्षी चिठ्ठ्या टाकाव्यात, असे उपविधी सांगतात. चिठ्ठीत खांबाशेजारची जागा आली की सभासदाचा लोकशाहीवरचा विश्वास उडतो.

प्रकार दुसरा, पाणी. गच्ची, बाहेरच्या भिंती आणि सामाईक पाइप यांची गळती संस्थेने दुरुस्त करायची. घरातल्या संडास-मोरीची सभासदाने. खालच्याच्या छताला ओल येते. तो वर जातो.

(खालच्याच्या आवाजात) "साहेब, तुमची मोरी गळतेय."

(वरच्याच्या आवाजात, अत्यंत शांतपणे) "आमच्याकडे तर ठणठणीत कोरडं आहे."

हे खरेच असते. पाणी खाली गेलेले असते. मग प्लंबर येतो, भिंतीवर टकटक करतो आणि "टाइल्स काढाव्या लागतील" एवढे बोलून निघून जातो. वरच्याने टाइल्स गेल्याच दिवाळीत बसवलेल्या असतात. यापुढे दोन्ही घरांत जिन्यात भेटले तरी बोलायचे नाही, असा ठराव एकमताने मंजूर होतो. सोसायटीत एकमत होते ते एवढ्यावरच.

प्रकार तिसरा, पैसा. पाणीपट्टी नळांची संख्या आणि आकार यांवर आकारतात. लिफ्टचा खर्च मात्र, कोणी वापरो न वापरो, सर्वांना सारखा. या तरतुदीमुळे तळमजल्यावरचा सभासद तत्त्वज्ञ होतो. (हात कमरेवर) "मी लिफ्टने जाऊ कुठे?" शेवटी पैसे वसूल करण्यासाठी तो रोज संध्याकाळी विनाकारण गच्चीवर जाऊन येतो. थकबाकीवर वार्षिक २१ टक्क्यांपर्यंत सरळव्याज लावता येते, थकबाकीदाराचे उत्तर ठरलेले असते: "आधी लिकेज, मग मेंटेनन्स." घर भाड्याने दिल्यास बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. तरी न्यू जर्सीतला सभासद तिथल्या मध्यरात्री जागा राहून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्याचा हिशेब मागतो.

प्रकार चौथा, प्राणी. भटक्या कुत्र्यांना खायला घालण्याची जागा संस्थेने ठरवावी, असे २०२३चे नियम सांगतात. ती जिना, प्रवेशद्वार आणि मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून लांब हवी. एवढ्या अटींत बसणारी जागा म्हणजे कोणाचे तरी पार्किंग. अशा रीतीने प्रकार चौथा पहिल्यात विलीन होतो.

प्रकार पाचवा, सभा. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. गणपूर्तीला दोन तृतीयांश किंवा २० सभासद, यांतला कमी आकडा पुरतो. (घड्याळ पाहतो. खुर्च्या मोजतो. पुन्हा घड्याळ पाहतो.) अर्ध्या तासात तेवढे न जमल्यास सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. सामोसे येताच ती आपोआप होते. पहिला विषय मागील सभेचे इतिवृत्त. "मी असं बोललोच नव्हतो," यावर तासभर जातो. नव्या कमिटीसाठी नावे मागितली की सगळे छताकडे पाहतात. तेथे ओल दिसते, आणि सभा प्रकार दुसऱ्यावर जाते.

(पुस्तिका उघडतो. पाने सोडवायला वेळ लागतो.) उपाय. प्रथम समितीकडे लेखी तक्रार. थकबाकीची वसुली निबंधकाकडे, गळती आणि पार्किंगचे वाद सहकार न्यायालयात, अनधिकृत बांधकाम महापालिकेकडे, शेजाऱ्याचा उपद्रव पोलिसांकडे. या यादीत व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचे नाव नाही.

(पुस्तिका प्रेक्षकांपुढे धरतो.) सभासदांनी उपविधी वाचावेत आणि सभेला वेळेवर यावे. न आलेल्या सभासदालाही तिथले ठराव बंधनकारक असतात.